वाचकांचे प्रश्न : टोरंटोत आइस हॉकीचा सामना पाहायला जाताना

हिवाळ्यात मुलाबाळांकडे कॅनडाला जाणाऱ्या वाचकांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्या पत्रांत एक विषय वारंवार येतो, तो म्हणजे टोरंटोच्या मध्यवस्तीत होणारे, नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) मेपल लीफ्स संघाचे सामने. तिकिटापासून थंडीपर्यंत अनेक शंका या पत्रांत आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत.

प्रश्न : स.न.वि.वि. आम्ही उभयता येत्या जानेवारीत मुलाकडे मिसिसागाला जाणार आहोत. त्याने आम्हाला मेपल लीफ्सचा सामना दाखवायचे ठरवले आहे. तरुणपणी खडकीच्या मैदानांवर मी हॉकी पुष्कळ पाहिली, पण बर्फावरची हॉकी कधीच पाहिलेली नाही. काही न कळता नुसते बसून राहावे लागू नये, यासाठी जाण्यापूर्वी किमान काय समजून घ्यावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या खडकीने देशाला धनराज पिल्ले दिले, तिथल्या मैदानावर आपण हॉकी पाहिली आहे, ही मोठीच शिदोरी आहे. मोकळी जागा हेरणे, पास कुणाकडे जाणार याचा अंदाज घेणे, बचावफळीतली फट ओळखणे या गोष्टी ज्याला कळतात त्याला बर्फावरचा खेळ फार काळ परका वाटत नाही. पहिली दहा मिनिटे मात्र गोंधळाची जातात, आणि त्याचे कारण जागा व वेग हे आहे. आपल्या हॉकीचे मैदान 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असते. येथे बर्फाचा पट्टा 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, म्हणजे साधारण 61 मीटर बाय 26 मीटर एवढाच असतो. अकराऐवजी गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी उतरतात. चेंडूच्या जागी पक असतो. ही कडक रबराची, 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची आणि सुमारे 170 ग्रॅम वजनाची चकती सामन्यापूर्वी मुद्दाम गोठवून ठेवतात, म्हणजे ती बर्फावर उसळत नाही, सरळ घसरत जाते. जोरदार फटक्याचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या वर जाऊ शकतो.

सर्वांत आधी ध्यानात घ्यावे ते हे, की येथे चेंडू ‘बाहेर गेला’ म्हणून खेळ थांबण्याचे प्रसंग फार थोडे. पट्ट्याच्या चारही बाजूंना फळ्यांची भिंत आणि तिच्यावर काच असते. पक भिंतीवर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. खेळाडू या भिंतीचा पाससाठी सर्रास उपयोग करतात. गोलच्या मागेही जागा असते आणि तिथून रचलेल्या चाली फार धोकादायक ठरतात, कारण गोलरक्षकाला पाठीमागचा पक आणि समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी अशा दोघांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. आपल्याला हॉकीची सवय असल्यामुळे आपली नजर गोलच्या पुढ्यात खिळून राहील. ती अधूनमधून मागच्या कोपऱ्यांकडे वळवावी.

नियमांपैकी दोन कळले तरी पुरे. बर्फावर मध्यभागी एक लाल रेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी रेषा असते. आक्रमण करणाऱ्या संघाचा कोणताही खेळाडू पकच्या आधी प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपलीकडे गेला, तर तो ऑफसाइड. दुसरा नियम आइसिंगचा. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून, म्हणजे आपल्या अर्ध्या भागातून, पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावून दिला आणि वाटेत कोणी त्याला स्पर्श केला नाही, तर खेळ थांबवून तो पुन्हा पक फेकणाऱ्याच्याच गोलजवळ सुरू करतात, आणि त्या संघाला दमलेले खेळाडू बदलण्याची मुभा नसते. संकटातून सुटण्यासाठी पक लांब फेकून देणे हा सोपा मार्ग होऊ नये, अशी ही योजना आहे. दमलेले पाच जण पुन्हा आपल्याच गोलपुढे उभे राहतात तेव्हा त्यांच्या खांद्यांकडे पाहावे. पुढच्या अर्ध्या मिनिटात गोल होण्याची शक्यता का वाढली, हे कोणी न सांगताही कळते.

खेळाडू सतत आत-बाहेर का करतात, हा प्रश्न प्रत्येक नव्या प्रेक्षकाला पडतो. पूर्ण वेगाने स्केटिंग करणे इतके दमछाक करणारे असते, की एक खेळाडू एका वेळी साधारण 40 ते 50 सेकंदच बर्फावर राहतो. प्रत्येक संघात गोलरक्षक सोडून 18 खेळाडू सज्ज असतात. आघाडीचे तिघे एकत्र आणि बचावाचे दोघे एकत्र असे गट आळीपाळीने उतरतात. ही बदली खेळ चालू असतानाच होते. खेळाडू कठड्यावरून उडी मारून आत येतो आणि दुसरा दारातून बाहेर पडतो. सरावाने ही बदली टिपता येऊ लागली, की सामन्याची लय हाती येते.

चुकीबद्दल खेळाडूला साधारणपणे 2 मिनिटे काचेच्या वेगळ्या खोलीत बसावे लागते आणि त्याचा संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळतो. या 2 मिनिटांच्या वेळेला पॉवर प्ले म्हणतात. पॉवर प्लेमध्ये आक्रमक संघ गोलभोवती जवळजवळ स्थिर रचना करून पक फिरवत ठेवतो. नवख्या माणसाला खेळ समजून घेण्यासाठी सामन्यातली ही सर्वांत चांगली वेळ, कारण येथे सर्व काही थोडे सावकाश आणि स्पष्ट दिसते.

सामना 20 मिनिटांच्या तीन भागांत होतो, खेळ थांबला की घड्याळही थांबते, मधली दोन मध्यंतरे 18 मिनिटांची असतात. एकूण अडीच तास धरून चालावे. बरोबरी झाली तर साखळी सामन्यात 5 मिनिटांचा जादा वेळ मिळतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे तीन-तीनच खेळाडू व गोलरक्षक उतरतात. तरीही निकाल लागला नाही तर शूटआउट होते. विजयाला 2 गुण आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये झालेल्या पराभवाला 1 गुण मिळतो.

शेवटची दोन-तीन मिनिटे उरली असताना संघ एका गोलने मागे असेल, तर तो आपल्या गोलरक्षकाला बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा आक्रमक पाठवतो. आपला गोल रिकामा सोडून सगळे पुढे धावतात. हे पाहिल्यावर कोणीतरी चूक केली असे समजू नये. ही ठरवून पत्करलेली जोखीम आहे. पक हिसकावला गेला तर अर्ध्या पट्ट्यावरून रिकाम्या गोलमध्ये मारलेला फटका सामना संपवतो, आणि बरोबरीचा गोल झाला तर अठरा-एकोणीस हजार माणसे एकदम उभी राहतात. घड्याळात मिनिटभर उरले आहे म्हणून गाडी पकडायला लवकर निघणारी माणसे नेमके हेच पाहायचे चुकवतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

शेवटी एक मनापासूनचा सल्ला : पकचा पाठलाग करू नका. डोळ्यांनी पक शोधत राहिले की तो सापडत नाही आणि माणूस कंटाळतो. पाचही खेळाडूंची मांडणी पाहावी. पक कुठे आहे हे त्यांच्या वळण्यावरून कळते. कॅनडाला पोहोचल्यावर मुलाबरोबर घरी टीव्हीवर एक सामना आधी पाहून घ्यावा. आपल्याला हिंदी-पंजाबी कळत असेल तर 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘हॉकी नाइट इन कॅनडा’च्या पंजाबी समालोचनाचे भाग यूट्यूबवर पाहता येतात, आणि ते समालोचन इतके रसरशीत आहे की नियम आपोआप समजत जातात.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, सध्या टोरंटोत शिकते. आई-बाबा येणार आहेत आणि त्यांना सामना दाखवायची फार इच्छा आहे, पण तिकिटांचे दर पाहून धीर होत नाही. स्वस्तातले तिकीट मिळवण्याचा काही मार्ग आहे का? शिवाय समाजमाध्यमांवर लोक तिकिटे विकतात, ती घ्यावीत का? — एक वाचक, टोरंटो

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, कारण तिथे पैसे बुडतात. अनोळखी माणसाकडून, तिकिटाचे छायाचित्र किंवा स्क्रीनशॉट पाहून, कधीही पैसे पाठवू नयेत. या सामन्यांची तिकिटे आता मोबाइलवरच असतात आणि टिकेटमास्टर या तिकीटविक्री संकेतस्थळाच्या तिकिटावरील बारकोड सतत बदलत राहतो, त्यामुळे स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. ज्याला तिकीट नको आहे त्याने ते त्याच व्यवस्थेतून पुन्हा विक्रीला काढलेले असते. तिथून घेतलेले तिकीट आपल्या नावावर जमा होते, तेवढेच खात्रीचे.

दरांच्या बाबतीत लपवण्यासारखे काही नाही. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत आणि त्यांपैकी सर्वांत महाग तिकिटांच्या संघांत लीफ्सची गणना होते. मात्र प्रत्येक सामन्याचा दर सारखा नसतो. शनिवारची रात्र आणि मॉन्ट्रियल किंवा बॉस्टनसारखे जुने प्रतिस्पर्धी असले की दर वर जातात. मंगळवार-बुधवारी लांबचा, फारसा गाजावाजा नसलेला संघ आला असेल तर ते लक्षणीय उतरतात. सप्टेंबरात हंगामापूर्वीचे सराव सामने होतात, ते आणखी स्वस्त. पुनर्विक्रीची तिकिटे सामन्याच्या दिवशी दुपारनंतर बहुधा खाली येतात, कारण न विकले गेलेले तिकीट रात्री कवडीमोल ठरणार असते; पण आई-बाबांना घेऊन जायचे असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याची जोखीम घेऊ नये. पाहिलेल्या किमतीवर सेवाशुल्क चढते, तेव्हा शेवटची एकूण रक्कम पाहूनच निर्णय करावा.

जागेबद्दल आमचे मत ठाम आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने काचेजवळच्या रांगांसाठी जादा पैसे मोजू नयेत. खाली बसल्यावर वेग आणि धडकांचा आवाज अंगावर येतो हे खरे, पण पलीकडच्या कोपऱ्यात काय चालले आहे ते दिसत नाही. वरच्या मजल्यावरचे, म्हणजे 300 च्या क्रमांकाचे विभाग तुलनेने स्वस्त असतात, आणि त्यांच्या पुढच्या रांगांतून अख्खा पट्टा एका नजरेत येतो. गोलच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांना पक लागू नये म्हणून 2002 पासून सर्व संघांच्या मैदानांवर जाळी लावलेली असते. थोड्या वेळाने तिची सवय होते, पण पर्याय असेल तर बाजूची जागा घ्यावी.

आणि तरीही दर परवडत नसतील तर निराश होऊ नये, कारण त्याच शहरात दोन उत्तम पर्याय आहेत. लीफ्सचा दुय्यम संघ टोरंटो मार्लीज एक्झिबिशन प्लेसमधल्या कोका-कोला कोलिझियममध्ये खेळतो. उद्या लीफ्सकडून खेळणारी मुले आज तिथे दिसतात, सभागृह लहान असल्यामुळे कोणतीही जागा जवळची वाटते आणि तिकीट कितीतरी कमी असते. महिलांच्या व्यावसायिक लीगमधील टोरंटो सेप्टर्स हा संघही तिथेच खेळतो. या लीगचा अगदी पहिला सामना 1 जानेवारी 2024 रोजी टोरंटोतच झाला होता. ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या मुली इतक्या जवळून पाहायला मिळणे ही छोटी गोष्ट नाही. पैसे वाचवण्याची तडजोड म्हणून या सामन्यांकडे पाहू नका. आई-बाबांना खेळ समजायला ते अधिक सोपे जाईल असेच आम्हाला वाटते.

प्रश्न : मिस्टरांच्या ऑफिसने आम्हाला लीफ्सच्या सामन्याची चार तिकिटे दिली आहेत. सोबत सासूबाई येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि थंडी त्यांना अजिबात सोसत नाही. कसे जावे, काय घालावे, काय खावे, किती आधी पोहोचावे, हे सविस्तर सांगाल का? — एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर : सासूबाईंना घरी ठेवून जाण्याचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाकावा, असे आधीच सांगतो. या स्टेडियमची, म्हणजे स्कोशियाबँक अरीनाची, सर्वांत मोठी सोय हीच आहे की ते युनियन स्टेशनला आतून जोडलेले आहे. गो या उपनगरी ट्रेनने किंवा भुयारी रेल्वेने युनियनला उतरायचे आणि छपराखालच्या वाटेने सरळ दारापर्यंत चालत जायचे. बाहेर उणे 12 तापमान आणि सरोवरावरून येणारा वारा असला तरी त्याच्याशी आपला संबंध येत नाही. वाटेत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत.

मोटारीने अगदी मध्यवस्तीत जाऊ नये. सामन्याच्या संध्याकाळी रस्ते तुंबतात, पार्किंग महाग पडते आणि परतताना तासभर त्यातच जातो. गो स्थानकांवरचे पार्किंग मोफत असते. तिथे गाडी लावून रेल्वेने जावे. प्रेस्टो कार्ड किंवा बँकेचे कार्ड टेकवले की भाडे भरले जाते, 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना गो ट्रेन आणि टीटीसी (शहराची बस, ट्राम व भुयारी रेल्वे) या दोन्हींत भाडे नाही, आणि 2024 पासून टीटीसी व गो यांच्यात गाडी बदलताना दुहेरी भाडे पडत नाही. विमानतळाजवळ राहणाऱ्यांना पिअर्सनहून युनियनला 25 मिनिटांत पोहोचवणारी यूपी एक्स्प्रेसही आहे.

परतीचा विचार निघतानाच करावा, कारण सामना संपायला रात्रीचे पावणेदहा-दहा होतात. मिल्टन मार्गावरच्या गाड्या कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळांपुरत्याच असतात. रात्री त्या मार्गावर बसने यावे लागते. किचनर मार्गाने ब्रॅम्प्टनला परतणार असाल तर त्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहावे. मिसिसागाकडच्या वाचकांना आम्ही लेकशोर वेस्ट मार्गावरच्या पोर्ट क्रेडिटला गाडी लावण्याचा सल्ला देतो. तिथून युनियन साधारण अर्ध्या तासावर आहे आणि गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात.

गुडघ्यांच्या दृष्टीने तिकिटाचा विभाग आणि रांग पाहून घ्यावी. वरच्या विभागांतले जिने बरेच उभे आहेत आणि रांगांत पाय सरळ करायला जागा बेताची असते. प्रत्येक रांगेला जिन्यालगतची खुर्ची असते. सासूबाईंना तिथे बसवावे. पायऱ्या मुळीच चढता येत नसतील तर पायऱ्यांविना पोहोचता येण्याजोग्या जागा वेगळ्या असतात. त्यासाठी तिकीट हाती आल्याबरोबर स्टेडियमच्या ग्राहक सेवेशी बोलावे, ऐन वेळी दारावर नव्हे.

कपड्यांबाबत सर्वांचा एक गैरसमज असतो, की आत बर्फ आहे म्हणजे बसण्याच्या जागी गोठवणारी थंडी असणार. तसे नसते. हजारो माणसांच्या गर्दीत स्वेटर पुरतो. काचेजवळच्या रांगांत मात्र गारवा जाणवतो. सासूबाईंसाठी एक शाल आणि जाड मोजे ठेवावेत. जाड कोट मांडीवर घेऊन बसावे लागते, म्हणून एकाच्या वर बोजड कपडा नसलेला बरा. मोठी पर्स, पाठीवरची सॅक, खरेदीच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. पिशव्यांच्या आकाराचे नियम कडक आहेत आणि मोठी पिशवी दारावर अडवली जाते. औषधे लागत असतील तर ती लहान पाकिटात, मूळ वेष्टनासह न्यावीत.

खाण्याच्या बाबतीत बारकाईने सांगणे आवश्यक आहे. आत रोख रक्कम चालत नाही, कार्डच लागते, आणि पदार्थांचे दर बाहेरच्या कितीतरी पट असतात. शाकाहारी माणसाला पॉपकॉर्न, चीज पिझ्झा, फ्राइज, प्रेट्झल असे काही मिळते. पुटीन हा तिथला प्रसिद्ध पदार्थ, म्हणजे फ्राइजवर चीजचे तुकडे आणि गरम ग्रेव्ही, दिसायला शाकाहारी वाटतो. पण ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रश्श्यापासून केलेली असते. विचारल्याशिवाय तो घेऊ नये. आमच्या मते युनियन स्टेशनच्या फूड कोर्टमध्ये किंवा घरूनच जेवून निघावे आणि आत फक्त चहा-कॉफी व पॉपकॉर्न घ्यावे. मध्यंतराच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रसाधनगृहांपुढे मोठ्या रांगा लागतात. तो 20 मिनिटांचा भाग संपण्याच्या दोन मिनिटे आधी उठणे किंवा थोडे थांबून जाणे सोयीचे.

पोहोचण्याची वेळ. संध्याकाळी 7 चा सामना असेल तर सव्वासहापर्यंत आत बसलेले असावे. सुरक्षातपासणीला वेळ लागतो हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण म्हणजे साधारण साडेसहाला होणारा खेळाडूंचा सराव. दोन्ही संघ एकाच वेळी बर्फावर येतात, डझनभर पक इकडून तिकडे सुटलेले असतात आणि काचेवर, फळ्यांवर त्यांचे ठोके पडत असतात. या वेळी काचेजवळ उभे राहू देतात का, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे. गोलरक्षकाकडे नीट पाहावे. तो आपल्या गोलपुढच्या निळ्या अर्धवर्तुळात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा सरकत, स्केटच्या पात्यांनी गुळगुळीत बर्फ खरवडत राहतो. ताज्या बर्फावर पाय निसटतो; तो खरखरीत केला म्हणजे ऐन वेळी पाय रोवून बाजूला झेप घेता येते. पांढरा भुगा त्याच्या पायांजवळ साचतो, तो काठीने बाजूला लोटतो आणि पुन्हा सरकू लागतो. दूरचित्रवाणीवर हे सहसा दाखवत नाहीत.

मध्यंतरात झॅम्बोनी यंत्रे बर्फावर फिरतात. ही यंत्रे कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झॅम्बोनी यांनी 1949 मध्ये तयार केली. यंत्राचे पाते बर्फाचा वरचा पापुद्रा तासून उचलते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर एका ओल्या फडक्याने पसरवला जातो. गरम पाणी जुन्या बर्फाच्या ओरखड्यांत मुरते आणि सपाट गोठते. सासूबाईंना हे नक्की दाखवा. सारवलेल्या अंगणाकडे पाहणारी नजर त्या पिढीला असते, आणि काळवंडलेला, ओरखड्यांनी भरलेला पट्टा काही मिनिटांत आरशासारखा होताना पाहून त्यांना जे वाटेल ते खेळाहून कमी नसेल.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातीला सामना पाहायचा आहे, पण या खेळात खेळाडू हातमोजे टाकून मारामारी करतात असे ऐकले. तिला न्यावे का? — एक आजोबा, नागपूर

उत्तर : न्यावे. अंगाने धडक देणे हा पुरुषांच्या खेळाचा नियमात बसणारा भाग आहे आणि ते पहिल्यांदा पाहताना मोठ्यांनाही दचकायला होते. मारामारी मात्र नियमबाह्य आहे. तिच्यासाठी 5 मिनिटांची शिक्षा असते, आणि पूर्वीच्या मानाने ती आता खूपच कमी झाली आहे. अनेक सामन्यांत ती होतच नाही. झालीच तर दोघांपैकी एक खाली पडताच पंच मध्ये पडतात. नातीला आधीच सांगून ठेवावे, की हे चूक आहे म्हणून त्यांना शिक्षा होते. प्रेक्षकांतले काही जण त्या वेळी टाळ्या वाजवतात हे आम्हाला आवडत नाही, आणि तसे तिला सांगायला हरकत नाही.

मारामारीपेक्षा आवाजाची तयारी अधिक महत्त्वाची. गोल झाला की भोंगा वाजतो तो कानठळ्या बसवणारा असतो. लहान मुलांसाठी कान झाकणारी साधने न्यावीत. पक प्रेक्षकांत येऊ शकतो, म्हणून खेळ चालू असताना तिला मोबाइलमध्ये गुंतू देऊ नये. एक शिष्टाचार आपणही पाळावा. खेळ चालू असताना जिन्यावरून जागेवर जायचे नसते. पंचांची शिटी वाजेपर्यंत वर थांबायचे, नाहीतर इतरांची दृष्टी अडते. राष्ट्रगीताला उभे राहून टोपी काढतात, आणि अमेरिकेतला संघ आला असेल तर दोन राष्ट्रगीते होतात. एखाद्या खेळाडूने तिसरा गोल केला की लोक आनंदाने आपल्या टोप्या बर्फावर फेकतात; नातीची टोपी आवडती असेल तर त्या वेळी ती घट्ट धरून ठेवावी.

तिला हेही सांगावे, की या खेळात आपल्याकडची मुळे असलेली माणसे आहेत. 1989 मध्ये रॉबिन बावा हे एनएचएलमध्ये खेळणारे भारतीय वंशाचे पहिले खेळाडू ठरले. मॅनी मल्होत्रा यांचा जन्म मिसिसागातला आणि वडिलांकडून ते भारतीय वंशाचे. खेळाडू म्हणून मोठी कारकीर्द झाल्यावर ते काही वर्षे लीफ्सचे साहाय्यक प्रशिक्षकही होते.

प्रश्न : सामना संध्याकाळी आहे, पण आम्ही दुपारीच मध्यवस्तीत पोहोचू. तेवढ्या वेळात या खेळाशी संबंधित काय पाहता येईल? — एक वाचक, मडगाव

उत्तर : यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर, हॉकी हॉल ऑफ फेम आहे. बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या 1885 च्या जुन्या इमारतीत, रंगीत काचेच्या घुमटाखाली स्टॅनले कप ठेवलेला असतो. एनएचएलच्या विजेत्याला मिळणारा हा चषक. त्यावर विजेत्या खेळाडूंची नावे एकेक करून कोरलेली आहेत आणि ती जवळून वाचता येतात. लीफ्सची नावे शोधावीत. हा संघ 1917 पासूनचा, 1927 पासून त्याचे नाव मेपल लीफ्स आहे, त्याने हा चषक 13 वेळा जिंकला आणि शेवटचा विजय 1967 चा. त्यानंतर त्यांना तो मिळालेला नाही. रात्री स्टेडियममध्ये शेजारचा सत्तरीचा माणूस साध्या साखळी सामन्यातही इतका अस्वस्थ का होतो, हे या तारखेवरून कळेल.

स्टेडियमची इमारतही बाहेरून पाहावी. 1941 च्या टपाल इमारतीच्या भिंती राखून आत हे बांधकाम केले आणि फेब्रुवारी 1999 मध्ये ते खुले झाले. बे रस्त्याकडच्या भिंतीवर दळणवळणाचा इतिहास दाखवणारी दगडी शिल्पे अजून आहेत. बाहेरच्या चौकात लीफ्सच्या जुन्या खेळाडूंचे पुतळे एका लांब दगडी बाकाभोवती उभे आहेत, तिथे छायाचित्रे काढता येतात.

वेळ उरला तर भुयारी रेल्वेने कॉलेज स्थानकापर्यंत जाऊन कार्लटन रस्त्यावरचे मेपल लीफ गार्डन्स पाहावे. 1931 ते 1999 या काळात लीफ्स तिथे खेळले. आज तळमजल्यावर किराण्याचे मोठे दुकान आहे आणि त्याच्या फरशीवर, जिथे बर्फाचा मध्यबिंदू होता तिथे, लाल ठिपका रंगवलेला आहे. वरच्या मजल्यावर विद्यापीठाचे क्रीडा केंद्र असून त्यात आजही बर्फाचा पट्टा आहे. हे सर्व पाहून सहाच्या सुमारास परत युनियनला येता येते. मात्र पाचनंतर भुयारी रेल्वेला गर्दी वाढते, तेव्हा तिथून साडेपाचला निघावे आणि मोबाइल पूर्ण चार्ज ठेवावा, कारण तिकिटे त्यातच आहेत.